उत्तरेची भिंत

कॉव्हेंट्री
१२ सप्टेंबर १९७१

प्रिय क्लेम,

तुला पत्र लिहायला बसले की पहिलं वाक्य सुचेपर्यंत चहा गार होतो, म्हणून आज सरळच सांगते. आमची गल्ली पाडणार आहेत. नव्या रस्त्याचा फाटा बरोब्बर माझ्या न्हाणीघरातून जाणार आहे, असं नगरपालिकेचा माणूस नकाशावर पेन्सिल टेकवून म्हणाला. म्हणताना हसलासुद्धा मेला. ३१ मार्चपर्यंत घर रिकामं करायचं. बदल्यात नवव्या मजल्यावर दोन खोल्या देतायत. एकसष्टाव्या वर्षी नवव्या मजल्यावर मी काय करू, कबुतरांशी गप्पा मारू?

मला घरी यायचंय, क्लेम. पाउंड फार्मवर, माझ्या माहेरी. लग्न होऊन कॉव्हेंट्रीला आले त्याला सदतीस वर्षं झाली, तरी अजून ‘घरी’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आपल्या त्या लाल विटा येतात. माझ्या लेनला जाऊन पाच वर्षं झाली. तुझ्या ईनिडला जाऊन दीड. तू तिथं सात खोल्यांत एकटा किटलीशी भांडत असशील आणि मी इथं एकटी रेडिओशी. दोघांनी एकमेकांशी भांडावं, तेवढीच सोबत.

मला उत्तरेकडची खालची खोली दे. तुझी नि ईनिडची होती ती. तू आता स्वयंपाकघरावरच्या खोलीत झोपतोस असं मागे लिहिलं होतंस, म्हणजे ती रिकामीच असणार. शिवाय तिची बाहेरची भिंत लेनच्या हातची आहे. पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात रजा काढून दोन आठवडे तो तिथं परांचीवर उभा होता, आठवतं? विटांमधला जुना भुसभुशीत चुना खरवडला आणि मधल्या सगळ्या फटी, दर्जा म्हणायचा तो त्यांना, सिमेंटनं भरून दिल्या. त्या भिंतीच्या आडोशाला मला बरं वाटेल.

हो म्हणायला एकच अक्षर लागतं. लवकर लिही.

तुझी,
म्युरिअल

•

पाउंड फार्म, थेल्नम, सफोक
२१ सप्टेंबर १९७१

प्रिय म्यू,

तुझं पत्र पोचलं. रस्त्याचं वाचून वाईट वाटलं. ह्या लोकांना मोकळं रान दिसत नाही, नेमकं कुणाचं तरी न्हाणीघर दिसतं.

इकडे बार्ली भरून झाली. पाऊस यंदा शहाण्यासारखा वागला. काळी गाय मात्र आजारी आहे.

राहण्याचं म्हणशील तर, म्यू, नवव्या मजल्याला इतकी नावं ठेवू नकोस. तिथं नळ सोडला की गरम पाणी येतं. इथं हिवाळ्यात मी सकाळी बादलीतला बर्फ फोडतो. थेल्नमची बस आता आठवड्यातून दोनदाच येते. डॉक्टर पलीकडच्या गावात. शेजारी म्हणशील तर कावळे. आणि उत्तरेच्या खोलीत मी बियाणाचे बटाटे भरलेत, पार छतापर्यंत. हलवायचे तर दोन माणसं लागतील.

घाई करू नकोस. वसंतात बघू.

तुझा,
क्लेम

•

कॉव्हेंट्री
४ ऑक्टोबर १९७१

क्लेमेंट केरिज,

बियाणाचे बटाटे! जन्मात कधी एक तरी बटाटा पेरलायस का? ईनिड परसात चार वाफे घालायची, त्यांतूनही तू बूट घालून जायचास. थाप मारायची तर निदान बार्लीची मारायची, मी गप्प बसले असते. कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं मला इथं बसूनही कळतं.

शनिवारी जाऊन नववा मजला बघून आले. भिंती पांढऱ्या, दारं हलकी, खिडकी उघडली की वारा थोबाडीत मारतो. खाली माणसं मुंग्यांएवढी दिसतात. नळाला गरम पाणी आहे, तुझं खरं. पण त्या पाण्यात हात धरून उभं राहायचं आणि मग काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही.

ईनिड असती तर उलट टपालानं ‘ये’ म्हणाली असती. पलंगावर कुठली चादर घालू, तेही विचारलं असतं. तू मात्र मला गाय आजारी असल्याचं कळवतोस.

मी नको असेन तर तसं लिही. राग येईल आणि जाईलही. पण मला असं उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवू नकोस. लेन गेल्यावर तुझ्याशिवाय मला कोण आहे?

म्युरिअल

•

(हे पत्र क्लेमेंटनं लिहिलं, पण टपालात टाकलं नाही.)

पाउंड फार्म
१० ऑक्टोबर १९७१

प्रिय म्यू,

तू मला नको आहेस असं कसं वाटलं तुला? उद्या आलीस तर बसथांब्यावर तासभर आधी जाऊन उभा राहीन.

बटाटे नाहीत. खोली रिकामी आहे. पण त्या खोलीत मी कुत्र्यालासुद्धा झोपू देत नाही.

उन्हाळ्यात उत्तरेच्या भिंतीच्या विटांची तोंडं गळून पडायला लागली. सकाळी भिंतीच्या पायाशी लाल भुगा पडलेला दिसायचा. मला वाटलं, जुनं घर आहे, वय झालं. शेवटी रूबेन थर्केटलला बोलावलं. तुला आठवत असतील ते. बाबांच्या वेळेपासून इथली गवंडीकामं तेच करतात, आता सत्तरी उलटली. त्यांनी छिन्नीच्या मागच्या टोकानं भिंत ठोकत ठोकत एक फेरी मारली, कान लावून ऐकलं, मग चिलीम काढली. चिलीम काढली की समजावं, बातमी वाईट आहे.

“सिमेंट कुणी भरलं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “मेव्हण्यानं. त्याचा धंदाच तो. शहरात अख्ख्या गल्ल्या बांधल्यात त्यानं.”

“शहराच्या विटा भाजून दगड झालेल्या असतात. ह्या तुमच्या पणजोबांच्याही पणजोबांनी मागच्या तळ्यातली माती काढून लाकडाच्या भट्टीत भाजलेल्या. पावाएवढ्या मऊ. अशा भिंतीत पाणी जातं आणि चुन्याच्या वाटेनं परत बाहेर येतं, वाऱ्यावर सुकतं. तीनशे वर्षं असंच चाललं होतं. मेव्हण्यानं ती वाट बुजवली. मग पाणी विटेतून वाट काढतं, थंडीत गोठतं आणि विटेचं तोंड फोडतं. उरलेलं आत झिरपतं. आत कोण झोपतं?”

मी म्हटलं, “आता कुणी नाही.”

म्हाताऱ्यानं चिलीम खाली ठेवली. ईनिडच्या मयताला तो आला होता. मग म्हणाला, “काम सुबक केलंय मात्र. एक रेघ वाकडी नाही.”

म्यू, ईनिडची छाती सत्तावन्न-अठ्ठावन्नपासून बिघडत गेली. डॉक्टर म्हणायचे, सफोकची हवा. मी तिला मध, मोहरीचे लेप, काय काय दिलं. शेवटचे तीन हिवाळे ती अंथरुणातच होती, आणि तिचं उसं त्या भिंतीला लागून होतं. डॉक्टरांनी भिंतीचं नाव कधी काढलं नाही, थर्केटलनंही तोंडानं म्हटलं नाही. पण मी आता दुसरा विचारच करू शकत नाही.

हे तुला कसं कळवू? तू त्या भिंतीच्या आडोशाला यायचं म्हणतेस. लेनचं एवढंच काय ते आमच्याकडे राहिलंय असं तुला वाटतं. आणि मी तुला लिहू की त्यानंच

•

पाउंड फार्म
१७ ऑक्टोबर १९७१

प्रिय म्यू,

बटाट्यांची थाप होती. चुकलो.

खरी गोष्ट अशी की खोलीला ओल आली आहे. थर्केटल बघून गेले. बाबांनी छपराची पन्हळ उत्तरेला उतरवली होती, ती जुनी होऊन फुटली, आणि इतकी वर्षं पाणी भिंतीत जात राहिलं. बाबांना सगळं दोरीनं बांधायची सवय होती, तुला माहीत आहे. दुरुस्ती निघेल. किती दिवस लागतील सांगता येत नाही.

तू नको आहेस असं पुन्हा लिहू नकोस. मला ते दोन दिवस बोचलं.

क्लेम

•

कॉव्हेंट्री
३ नोव्हेंबर १९७१

प्रिय क्लेम,

पन्हळीचं वाचून जीव भांड्यात पडला. ओलीचं ऐकून कुणाला बरं वाटत नाही, पण मला वाटलं. पन्हळच ना? थर्केटल नक्की तसंच म्हणाले ना? विटांमधल्या दर्जांबद्दल काही बोलले का? लेनचं काम अजून शाबूत असेल. तसं असेल तर मला एका ओळीनं कळव.

पन्हळ काय, एका दिवसात बदलते. तेव्हा मी काय केलं ऐक. काल नगरपालिकेत जाऊन नवव्या मजल्याच्या कागदावर ‘नको’ लिहून सही करून आले. तिथली पोरगी म्हणाली, “आजी, नक्की का? यादीत पुन्हा नाव लागायला दोन वर्षं जातील.” मी म्हटलं, “माझ्या भावाचं घर आहे. सोळाशे सालातलं. तुमच्या यादीपेक्षा जुनं.”

लेनचं कपाट विकलं. त्याची थापी, ओळंबा आणि कामाची टोपी सोबत आणते. मार्चअखेर येते. स्वयंपाकघरात खाट टाकून झोपेन, पण येते.

तुझी,
म्यू

ता.क. दर्जांचं लिहायला विसरू नकोस.

•

पाउंड फार्म
९ जानेवारी १९७२

प्रिय म्यू,

नाताळात नुसतं कार्ड पाठवलं, रागावली असशील. लिहिण्यासारखं धड काही नव्हतं.

तू त्या कागदावर सही करायला नको होतीस. उद्याच जा, पाया पड, रड, काय वाटेल ते कर, पण ती जागा परत मिळव. इथं येता येणार नाही.

डिसेंबरातल्या थंडीनं भिंत फुगली. ओळंबा सोडला तर मधोमध चार बोटं बाहेर आली आहे. थर्केटलनी बाहेरून ओकचे टेकू लावलेत. आत वरच्या मजल्याची मोठी तुळई त्या भिंतीत घुसली आहे ना, तिचं टोक उकरून बघितलं. ओकचं लाकूड, पण मुठीत आलं ते तपकिरीसारखं. म्हातारा म्हणतो, टेकू आहेत तोवर घर आहे. मार्चमध्ये सगळी भिंत उतरवायची. काळ्यानिळ्या विटांनी वर घर बांधणाऱ्या नथॅनिएल केरिजची अक्षरं नि साल काढलंय ना, तेवढ्या विटांवर त्यांनी खडूनं आकडे घातलेत, पुन्हा तशाच बसवायला.

काल आतला भिंतीचा कागद सोलून काढला. त्यामागे बुरशी होती, काळी, पलंगाएवढी रुंद. ईनिडचं डोकं जिथं असायचं तिथं सगळ्यात दाट. तीन हिवाळे ती तिथं खोकत निजली, म्यू, आणि मी रोज संध्याकाळी येऊन विचारायचो, आज बरं आहे का? आणि ती म्हणायची, आज बरं आहे.

बाबांची पन्हळ! बाबा जिवंत असते तर कॉलर धरून त्यांना ह्या भिंतीपुढे उभं केलं असतं. त्यांचा फोटो मी दिवाणखान्यातून काढून माळ्यावर टाकलाय.

येऊ नकोस.

क्लेम

•

कॉव्हेंट्री
२० फेब्रुवारी १९७२

प्रिय क्लेम,

सहा आठवडे झाले तुझ्या पत्राला. खाणकामगारांच्या संपामुळे इथं वीज जाते-येते, तेव्हा अंधार होता म्हणून लिहिलं नाही असं म्हणता येईल. पण दिवसाही लिहिलं नाही. चारदा कागद फाडला.

बाबांचा फोटो पुन्हा भिंतीवर लाव. पन्हळीचा काही संबंध नाही, आणि मला वाटतं ते तुलाही माहीत आहे. लेनच्या दर्जांबद्दल मी तुला दोनदा विचारलं आणि दोन्हीदा तू गप्प बसलास. तू मला जपत होतास. जपण्याची माझी लायकी नाही, क्लेम. वाच आता.

लेन शेवटच्या वर्षी इथल्या एका जुन्या वृद्धाश्रमाच्या दुरुस्तीवर होता. हातानं केलेल्या जुन्या विटा होत्या तिथं, आपल्यासारख्याच. त्याच्याआधी कुणीतरी त्यांच्यात सिमेंट भरलं होतं, आणि विटा आतून कुजल्या होत्या. तिथल्या गवंड्यानं त्याला सगळं समजावलं. त्या दिवशी तो घरी आला, जेवला नाही. म्हणाला, “म्यू, क्लेमच्या भिंतीचं मी वाटोळं केलंय.” पुढे हॉस्पिटलात, जायच्या आदल्या आठवड्यात, माझा हात धरून म्हणाला, “क्लेमला लिही. म्हणावं ते सगळं छिन्नीनं काढ, चुना भर. मला लाज वाटत नाही सांगायला. त्याला सांग.” मी म्हटलं, सांगते. शपथ घेतली.

सांगितलं नाही.

का, ते सांगते, मग काय ते ठरव. आपल्या घरात लेनला कुणी कधी नावानं हाक मारली नाही. बाबांच्या लेखी तो एकवीस वर्षं ‘म्युरिअलचा सिमेंटवाला’ होता. तुम्ही सगळे हसायचात, तूही. ती भिंत झाली त्या दिवशी बाबा काठी टेकत आले, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “छान केलंस, लेनर्ड.” एकदाच. लेन परतीच्या गाडीत रडला. ते एक वाक्य मी त्याच्याकडून काढून घ्यायचं, तेही तो मेल्यावर? माझा हात उठेना. म्हटलं पुढच्या महिन्यात लिहू. मग म्हटलं, कदाचित तुमच्या भिंतीला काही होणारही नाही.

अडुसष्ट साली ईनिडचं पत्र आलं. भिंतीचा कागद सारखा सुटतो, क्लेम तिसऱ्यांदा चिकटवतोय आणि शिव्या घालतोय, असं मजेत लिहिलं होतं तिनं. मला त्याच क्षणी कळलं. मी काय केलं माहीत आहे? तिला नाताळची भेट म्हणून रॉकेलवरचा हीटर पाठवला. खरं सांगायचं सोडून हीटर पाठवला. तिनं आभाराचं पत्र पाठवलं, ते माझ्या खणात आहे. मी ते पुन्हा उघडलेलं नाही.

ती गेल्याचं तुझं पत्र आलं तेव्हाही मी मूग गिळून बसले. मयताला आले, त्या खोलीच्या दारात उभी राहिले, आत पाय टाकला नाही. तुला वाटलं, दुःखानं.

आणि सप्टेंबरात मी मुद्दाम तीच खोली मागितली. भिंत ठीक आहे असं तू लिहिशील आणि मी सुटेन, एवढीच आशा होती. सुटायचं होतं मला. तुझ्या थापा वाचताना मला कळत होतं की तू मला वाचवतोयस, आणि मी ते घेत राहिले.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

म्युरिअल

•

कॉव्हेंट्री
१२ मार्च १९७२

क्लेम,

तीन आठवडे झाले. उत्तराची वाट बघायचा मला हक्क नाही, तरी टपालवाला दिसला की दारात जाते. शेजारची सगळी घरं रिकामी झाली. गल्लीच्या टोकाला यंत्रं येऊन उभी आहेत.

नगरपालिकेत जाऊन आले. नववा मजला दुसऱ्याला दिला. एका वसतिगृहात तात्पुरती खाट मिळेल म्हणाले. तिकडेच जाईन. तू तुला वाटेल तेव्हा लिही, किंवा लिहू नकोस. पत्ता कळवेन.

म्युरिअल

•

पाउंड फार्म
१९ मार्च १९७२

म्युरिअल,

तुझं पत्र अंगणात उभ्या उभ्या वाचलं. वाचून झालं, आणि गोठ्यातला मोठा हातोडा घेऊन मी उत्तरेच्या भिंतीकडे गेलो. दोन घाव घातले. तिसऱ्याला थर्केटलनी मागून दांडा धरला. सत्तरी उलटलेला माणूस, पण मनगटं अजून लोखंडाची.

“भिंत रागानं उतरवायची नसते,” म्हणाले. “छप्पर डोक्यावर घ्याल. राग असेल तर रानात जाऊन ओरडा, तोवर मी चहा करतो.”

मी खरंच रानात गेलो. वरच्या कुंपणापाशी उभा राहून काय काय ओरडलो ते तुला लिहीत नाही. मेंढ्या पळाल्या.

तीन आठवडे मी तुझ्यावर इतका चिडलेलो होतो की पेन हातात धरवत नव्हतं. अजूनही चिडलेलो आहे. तू लेनचं एक वाक्य वाचवलंस. माझी बायको गेली. हे मी तुला तोंडावर म्हणणार आहे, पण आधी लिहूनही ठेवतो, म्हणजे नंतर गिळता येणार नाही.

आता तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट. तू सगळं तुझ्या डोक्यावर घेतलंयस, ते मी तसंच ठेवलं असतं. गेले तीन आठवडे मला ते सोयीचं वाटलं. पण ते खरं नाही.

ईनिडला मी तीनदा म्हटलं होतं, आपण स्वयंपाकघरावरच्या खोलीत जाऊ. ती कोरडी आहे, चुलीची धग लागते. तिन्ही वेळा तिनं नाही म्हटलं. म्हणाली, “लेननं उन्हात उभं राहून ही भिंत आपल्यासाठी केली. म्युरिअल आली आणि आपण खोली सोडलेली दिसली तर तिला काय वाटेल? तिला वाटेल, तिच्या माणसाचं काम आपल्याला पसंत नाही. आधीच तुम्ही लोकांनी त्याला कमी छळलंय का?” खोकत खोकत म्हणाली हे. आणि मी, तिला उचलून जिना चढायचं सोडून, बरं म्हटलं. वाद नको म्हणून. तुला वाईट वाटायला नको म्हणून. तू लेनला जपत होतीस, ती तुला जपत होती, मी तिचं मन जपत होतो, आणि भिंतीतलं पाणी कुणालाच जपत नव्हतं. पंधरा वर्षांत आपल्यापैकी एकानं एकदा तोंड उघडलं असतं तर पुरलं असतं.

बाबांचा फोटो खाली आणलाय.

भिंत मंगळवारी उतरवून झाली, वरून खाली, एकेक थर. आता घराची ती बाजू उघडी आहे. ताडपत्री लावलीय, वाऱ्याला रात्रंदिवस फडफडते. गोठ्यात साडेतीन हजार विटा रचून ठेवल्यात. थर्केटल म्हणतात, त्यांतल्या निम्म्या तरी फिरवून लावता येतील. फुटलेलं तोंड आत, मागची धड बाजू बाहेर. पण आधी प्रत्येक विटेचा जुना चुना छिन्नीनं खरवडून काढायला हवा, आणि म्हाताऱ्याचे हात आता दिवसभर चालत नाहीत. माझे चालतात, पण बार्ली पेरायची आहे. थंडी सरली की एप्रिलमध्ये चुन्यात काम सुरू.

वसतिगृहात जाऊ नकोस. गुरुवारची बस दीडला येते. जाड हातमोजे आण, इथले तुला मोठे होतील. उत्तरेच्या खोलीत कुणीही झोपायचं नाही, ती मी धान्याला ठेवणार. तुला स्वयंपाकघरावरची खोली दिली आहे, मी समोरच्या खोलीत गेलोय. चादर कुठली घालायची मला कळलं नाही, तू आल्यावर तुझी तू घाल.

मी तुला माफ केलंय असं समजून येऊ नकोस. ते व्हायचं तेव्हा होईल, कदाचित होणारही नाही. काही सकाळी मी तुझ्याशी बोलणार नाही, ताट पुढे सरकवून निघून जाईन. तशा सकाळी तू आपली गप्प बसू नकोस. अंगणात माझ्या मागे ये आणि विचार, काय झालं. मी ‘काही नाही’ म्हणेन. पुन्हा विचार.

क्लेम